दुसरा गिअर

इव्रेआच्या त्या बाईंनी गॅरेजचं शटर वर केलं
आणि मला आधी रंग दिसला.
चाळीस वर्षं बिएल्लाच्या गिरणीत लोकर रंगवली मी;
लाल म्हणजे काय ते मला कुणी सांगू नये.
हा एकसंध होता, बॉनेटपासून डिकीपर्यंत
एकाच हंड्यातून निघालेला.

माझ्या गाडीत पाच लाल आहेत.
एक कारखान्याचा. एक उन्हानं खाल्लेला.
डाव्या दाराचा, त्या गारांच्या वर्षानंतरचा.
चौथा मी स्वतः घोटलेला, आणि चुकलेला.
पाचवा खालून वर येतोय हळूहळू,
त्याला हंडा लागत नाही.

"नव्वद सालची," बाई म्हणाल्या,
"अकिलेनं पावसात कधी बाहेर काढली नाही."
अकिले मार्चमध्ये गेले.
त्यांचे हातमोजे अजून कप्प्यात होते,
बोटं किंचित वाकलेली,
स्टिअरिंग नुकतंच सोडल्यासारखी.

माझी आल्फा एकोणसत्तरची, शेपूट नावेसारखी निमुळती.
थंडीत चोक ओढायचा, दोनदा पॅडल दाबायचं,
आधी शिवी, मग देवाचं नाव.
क्रम चुकला की बसा.
सेराफीना म्हणते, "खांदा बघ तुझा.
गल्लीतून वळवताना दात आवळतोस,
मला आतून ऐकू येतं."
खरं आहे तिचं.
जुनं ते सोनं म्हणणारे
गाडीखाली उताणे झोपलेले नसतात कधी,
डोळ्यांत गंज झेलत.

आणि गंमत म्हणजे पैसे घालावे लागणार नाहीत, उलट उरतील.
म्हातारीला भाव जास्त आहे.
ती विकून ही घेतली तर
घराची कौलं होतील, सेराफीनाची कवळी होईल,
वर एक पिंप बार्बेरा.
हिशेब इतका सरळ आहे
की त्याचाच संशय येतो.

बाईंनी किल्ली दिली. सेर्राच्या चढाला लागलो.
स्टिअरिंग करंगळीनं वळत होतं.
पहिल्यातून दुसऱ्यात टाकताना
हात आपोआप अडला,
मधेच, न्यूट्रलमध्ये, एक श्वासभर.
माझीला तेवढा वेळ द्यावा लागतो,
घाई केली की करकरते, आणि साऱ्या गावाला कळतं.
ही काहीच बोलली नाही.
दवाखान्यातल्या नव्या नर्ससारखी थांबून राहिली,
आजोबांना काय हवंय ते न कळून.

वळणांवर मात्र सुरेख बसली. खोटं कशाला बोलू?
उतरताना मी चक्क शीळ घातली.
परत आलो तर बाई फाटकातच उभ्या.
आवाजाकडे कान होता त्यांचा,
माझ्याकडे नव्हे.
"सोमवारी कळवतो," म्हटलं.

आज गुरुवार.
जेवण झाल्यावर टेबल पुसून जाहिरात लिहायला बसलो.
वर्तमानपत्रवाले वीस शब्द देतात,
एकविसाव्यापासून पैसे.
'स्पायडर, १९६९, लाल'
इथेच अडलो. कुठला लाल?
खोडलं.
'तळाचा पत्रा दोनदा बदललेला.
छत गळतं, फक्त उजवीकडे, बसणाऱ्याच्या गुडघ्यावर.'
(सेराफीनाचा गुडघा. सत्तावीस वर्षं.)
'पेट्रोलचा काटा रविवारी खोटं बोलतो.'
'दुसरा गिअर: आधी थांबा.'

ती मलमाची डबी घेऊन मागे आली,
सदरा खांद्यावरून खाली ओढला,
आणि चोळता चोळता वाचलं सगळं.
"वीस कधीच संपले," म्हणाली.
मग थोड्या वेळानं,
"किती थांबायचं तेही लिही.
नाहीतर घेणारा मोडून ठेवेल."

कितीत थांबतो मी?
कधी मोजलंच नव्हतं.
पेन खाली ठेवलं, मूठ वळली,
हवेतच हात पहिल्यातून बाहेर काढला,
मधे आणला,
आणि मोजू लागलो.